टिकाऊ खेळणं उंदराच्या काय कामाचं?

‘खेळण्यांचा खर्च परवडत नसेल तर प्राणी पाळूच नये’ हे वाक्य नवी मुंबईतल्या प्राणिप्रेमी मंडळींत आजकाल फार सहज तोंडावर फेकलं जातं. कुत्र्यामांजरांच्या बाबतीत ते ऐकून सोडून देता येत होतं. आता ते पिंजऱ्यातल्या उंदरांपर्यंत येऊन पोचलं आहे. कोपरखैरण्यात भाड्याच्या खोलीत राहणारं एखादं कॉलेजातलं पोरगं दोन उंदीर पाळतं. पिंजऱ्यात अंड्यांचा रिकामा ट्रे ठेवतं, कुरिअरचा खोका ठेवतं, जुन्या टी-शर्टची झोळी टांगतं. हौसेने फोटो दाखवला की त्याला ऐकावं लागतं: हे काय, पिंजऱ्यात कचरा भरलायस का? पुढचा सल्ला ठरलेला. चांगल्या पेट शॉपमधून ‘प्रॉपर’ खेळणी आण, लाकडी पूल, रंगीत शिडी, कुरतडायचे ठोकळे. तेवढे पैसे नसतील तर पाळायचे कशाला?

मला या सल्ल्याला उत्तर द्यायचं आहे, आणि ते गरीब विद्यार्थ्याची कीव येते म्हणून नव्हे. काही समंजस माणसं यात मधला मार्ग काढतात: घरी केलेलं फुकटचं खेळणं तात्पुरतं चालवून घ्यावं, ऐपत आली की विकतचं आणावं. हा मधला मार्गही मला मान्य नाही. माझ्या मते उंदरासाठी घरचं, स्वस्त खेळणंच सरस आहे, आणि ते सरस आहे ते टिकत नाही म्हणूनच. ते फाटतं, संपतं, ओलं झालं की फेकता येतं आणि उद्या त्या जागी दुसरं येतं. दुकानात पैसे मोजून आपण विकत घेतो तो टिकाऊपणा. उंदराला नेमका तोच नको असतो.

पिंजऱ्यात एक साधा पुठ्ठ्याचा खोका ठेवा आणि संध्याकाळी उंदीर जागे झाले की बघत बसा. आधी भिंतीला अंग घासत एक फेरी होते. मग वास घेणं, मिशांनी चाचपणं. आत शिरायला तुम्ही कापलेलं भोक असतं, पण ते त्यांना पसंत पडत नाही. शेजारी स्वतःचं पाडतात. आत गेल्यावर बाहेर पडायला तिसरं. मग पुठ्ठ्याच्या पट्ट्या सोलायचं काम सुरू होतं. एक जण पट्टी तोंडात आडवी धरून वरच्या झोळीत न्यायला निघतो, ती जाळीत अडकते, तो मागे सरून कोन बदलतो, पुन्हा ओढतो. दुसरा त्याच्याच तोंडातली पट्टी पळवतो. दोन-तीन दिवसांत खोक्याचा खोका उरत नाही, वर मात्र घरटं तयार झालेलं असतं. आता त्या जागी दुकानातला गुळगुळीत, पॉलिश केलेला लाकडी बंगला ठेवा. त्याला खिडक्या कोरलेल्या आहेत, वर कौलंसुद्धा रंगवलेली आहेत. उंदीर त्यात झोपतो. झोपण्यापलीकडे त्याला तिथे काही करण्यासारखं ठेवलेलंच नाही, कारण जे करायचं ते सगळं कारखान्याने आधीच उरकलं आहे.

यावर दुकानदाराचं पहिलं अस्त्र दातांचं असतं. उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढतात, चावायला कडक ठोकळा दिला नाही तर ते वाढून तोंड मिटणार नाही, उपासमार होईल. यातली दात वाढण्याची गोष्ट खरी, पुढची भीती विक्रीसाठी फुगवलेली. निरोगी उंदीर वरचे आणि खालचे दात एकमेकांवर घासून स्वतःच झिजवतो. हातात घेतल्यावर जी बारीक करकर ऐकू येते ती याचीच. ज्याचे दात मुळात जुळत नाहीत, त्याला कितीही महाग ठोकळा दिला तरी उपयोग नाही, त्याला डॉक्टरकडे नेऊन दात कापून घ्यावे लागतात. मग कुरतडायला द्यायचंच कशाला? तर तो त्याचा उद्योग आहे म्हणून. पोखरणं, फाडणं, वाहून नेणं, दडवणं यांतच त्याची जागेपणीची वेळ जाते. आणि या उद्योगाला पुठ्ठा, करवंटी, कागद हे जितकं साथ देतात तितकं सागवानाचं पॉलिश देत नाही.

हे मी केवळ पिंजऱ्यासमोर बसून काढलेले तर्क म्हणून सांगत नाही. उंदराला चांगलं जगण्यासाठी काय लागतं, या प्रश्नावर माणसाने जेवढं संशोधन केलं तेवढं फार थोड्या प्राण्यांबाबत केलं असेल; अर्थात त्यात उंदरांचं भलं करण्याचा हेतू नव्हता. कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी 1940च्या दशकात काही उंदीर प्रयोगशाळेत न ठेवता घरी नेले. त्यांच्या मुलींनी ते पाळले, घरभर फिरू दिले. हे घरी वाढलेले उंदीर पुढे कोडी सोडवण्यात पिंजऱ्यात वाढलेल्यांपेक्षा पुढे निघाले. 1960च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बर्कलीला मार्क रोझेन्झवाइग, मॅरियन डायमंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोच धागा पुढे नेला. काही उंदीर एकेकटे रिकाम्या पिंजऱ्यात, काही घोळक्याने मोठ्या पिंजऱ्यात, वस्तूंच्या संगतीत. दुसऱ्या गटाच्या मेंदूचा बाहेरचा थर जाड आणि वजनाने जास्त भरला. माझ्या मुद्द्याच्या दृष्टीने महत्त्वाचं हे की पिंजऱ्यातल्या वस्तू रोज बदलल्या जात. एकच उत्तम वस्तू कायम ठेवून हा प्रयोग झालेला नाही. मेंदूचं वजन म्हणजे सुखाचं माप नव्हे, हे मान्यच. पण बदल हवा, आणि सोबत हवी, एवढं त्यातून निघतं. रोज बदलायचं खेळणं विकत आणायचं म्हटलं तर सीवूड्समधला बडा पगारदारही महिन्याअखेरीस हात टेकेल.

2019 साली बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठात मिखाएल ब्रेष्ट यांच्या चमूने उंदरांना माणसांशी लपाछपी खेळायला शिकवलं. खेळ जिंकल्याचं बक्षीस म्हणून खाऊ नव्हता, फक्त गुदगुल्या होत्या. लपायची पाळी उंदरावर आली की तो आरपार दिसणाऱ्या खोक्यापेक्षा आतलं न दिसणारा खोका निवडे, आणि सापडल्यावर पुन्हा पळून लपे. त्याच वर्षी अमेरिकेत रिचमंड विद्यापीठात केली लॅम्बर्ट यांनी उंदरांना चक्क गाडी चालवायला शिकवलं. गाडी म्हणजे काय, तर खाद्यपदार्थाचा प्लॅस्टिकचा रिकामा डबा, खाली अॅल्युमिनियमचा पत्रा, समोर तांब्याच्या तारा आणि चाकं. वस्तूंनी भरलेल्या पिंजऱ्यात वाढलेले उंदीर ती लवकर शिकले. जगभर गाजलेलं हे वाहन आपल्याकडच्या कुठल्याही भंगारवाल्याच्या गाडीवरच्या सामानातून तयार झालं असतं.

खाऊ हेही खेळणंच आहे, हे आपले लोक विसरतात. वाटीत दाणे ओतून ठेवले की खाणं पाच मिनिटांत संपतं आणि बाकीची रात्र मोकळी. ग्लेन जेन्सन यांनी 1963 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंदरांसमोर भरलेली वाटी ठेवली होती आणि शेजारी एक कळ होती, जी दाबली की एकेक गोळी पडे. बरेच उंदीर वाटी भरलेली असूनही कळ दाबून मिळवलेलं खात राहिले. तेव्हा अंड्यांच्या ट्रेच्या खळग्यांत ज्वारीच्या लाह्या टाकाव्यात, वर दुसरा ट्रे उपडा घालावा. टॉयलेट रोलच्या नळीची दोन्ही टोकं दुमडून आत चुरमुरे भरावेत. बाजरीचं अख्खं कणीस जाळीला उलटं लटकवावं. परदेशात राळ्याची कणसं पाळीव प्राण्यांचा खाऊ म्हणून पाकिटात घालून विकतात. तेच पाकीट इकडे आयात होतं, आणि आपण ते ज्या महाराष्ट्रात बाजरी पिकते त्या महाराष्ट्रात बसून ऑनलाइन मागवतो. याला काय म्हणावं ते वाचकांनी ठरवावं. (कच्च्या कडधान्यांचा मोह मात्र टाळावा, कच्चा राजमा किंवा घेवडा उंदराला बाधतो.)

आता खरा आक्षेप. घरगुती वस्तू सुरक्षित नसतात, दुकानातली असतात. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही, म्हणून त्याचे दोन तुकडे करून पाहू.

दुकानातली वस्तू सुरक्षित असते हे कोणी ठरवलं? लहान मुलांच्या खेळण्यांसाठी केंद्र सरकारने 2020 साली गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला. तो 1 जानेवारी 2021 पासून लागू झाला, आणि 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. प्राण्यांची खेळणी त्या व्याख्येत बसत नाहीत. म्हणजे रंगीत शिडीवर ‘विषारी नाही’ असं छापलेलं असलं तरी तो विकणाऱ्याचा शब्द आहे, सरकारी परीक्षेचा निकाल नाही. आणि प्रत्यक्ष माल पाहा. हॅमस्टरसाठी बनवलेलं वीतभर व्यासाचं चाक उंदरासाठी म्हणून खुशाल दिलं जातं. मोठ्या उंदराला निदान फूटभर व्यासाचं आणि धावायला सलग पृष्ठभाग असलेलं चाक लागतं. त्याहून लहान चाकात पाठ उलटी वाकते, तारांच्या कांड्या असल्या तर शेपूट आणि पाय अडकतात. पारदर्शक प्लॅस्टिकचा गोळा मिळतो, ज्यात उंदराला कोंबून घरभर गडगडू द्यायचं. आत वारा जात नाही, मिशा कशाला टेकत नाहीत, बाहेर यायचं ठरवता येत नाही. घरटं करायला ढगासारखा मऊ कृत्रिम कापूस मिळतो. त्याचे लांब तंतू पायाला गुंडाळले की बोट काळं पडेपर्यंत कळत नाही. हे सगळं पैसे मोजूनच येतं, बिलासकट.

दुसरा तुकडा: घरच्या वस्तूंत धोका नाही का? आहे, आणि इथे माझं भांडण माझ्याच बाजूच्या लोकांशी आहे. ‘काहीही चालतं हो, उंदीर आहे तो, गटारात जगतो’ म्हणणारे जुगाडपंथी उंदरांचं दुकानदारांइतकंच नुकसान करतात. उंदराला उलटी करता येत नाही. जे पोटात गेलं ते गेलं. त्यामुळे खोक्याची चिकटपट्टी, स्टेपलच्या पिना, चकचकीत छापील थर आधी काढावाच लागतो. थर्माकोल नको, त्याचा भुगा गिळला जातो. मऊ रबर नको. टर्किश टॉवेलच्या फाशांत नखं अडकतात, म्हणून झोळीला टॉवेल नको, आणि आजीच्या गोधडीचा तुकडा कितीही मायेचा असला तरी तिचे सुटलेले दोरे गळ्यात आणि बोटांत अडकतात. होजिअरीचा टी-शर्ट बरा. त्याच्या कडांना शिवण लागत नाही, दोरे सुटत नाहीत, चारही कोपरे जाळीला गाठ मारून बांधता येतात.

नवी मुंबईचे म्हणून काही खास धोके आहेत, ते कोणत्याही परदेशी पुस्तकात सापडायचे नाहीत. इथे दर दुसऱ्या इमारतीत कोणाच्या तरी फ्लॅटचं इंटिरिअर चालू असतं, आणि जिन्याखाली प्लायवुड व एमडीएफचे तुकडे फुकट पडलेले असतात. सुतार ‘घेऊन जा’ म्हणतो. घेऊन जाऊ नका. तो लाकडाचे थर किंवा तंतू डिंकाने, बहुतेकदा फॉर्माल्डिहाइड असलेल्या डिंकाने, चिकटवलेला माल असतो, आणि आपला प्राणी तो दातांनी उकलणार असतो. त्याच सुताराकडचा भुसाही नको. त्याच्या धुळीने उंदराची छाती भरते, आणि उंदराची छाती हीच त्याची सगळ्यात दुबळी जागा. हापूसच्या दिवसांत तुर्भ्याच्या एपीएमसीतून आलेल्या पेट्यांचा पेंढा उकरायला द्यावा असं कोणालाही वाटेल. उंदरांना उकरायला आवडतंच. पण आंबा पिकवायला कॅल्शियम कार्बाइड वापरण्यावर कायद्याने बंदी असली तरी बंदी आहे म्हणजे वापर नाही असं समजण्याइतके आपण भोळे नाही. पेटी कोणत्या वखारीतून फिरून आली हे माहीत नसेल तर पेंढा सोडून द्यावा. त्यापेक्षा पसरट टबात कोको पीट आणि वर पेरलेले थोडे गहू, चार दिवसांत हिरवळ, पाचव्या दिवशी तिचा फडशा.

झाडांच्या फांद्यांचंही तसंच. पेरूची फांदी चांगली, सालीसकट द्यावी. रस्त्याच्या दुभाजकावरची कण्हेर विषारी आहे, तिच्या काडीलाही हात लावू नये. आणि टेकड्यांवर, रस्त्यांच्या कडेला मोठ्या प्रमाणात लावलेलं गुलाबी फुलांचं गिरिपुष्प, ज्याला आपल्याकडे उंदीरमारीही म्हणतात, त्याची पानं आणि साल धान्यात मिसळून उंदीर मारण्याचा प्रघात मध्य अमेरिकेत जुना आहे. खारघरच्या टेकडीवर सकाळी फिरायला जाणाऱ्याने कौतुकाने तीच डहाळी मोडून पिंजऱ्यात आणून ठेवणं हे इतकं सहज घडण्यासारखं आहे की दर मार्चमध्ये तिला बहर आला की हे कोणीतरी सांगायला हवं.

म्हणजे घरच्या खेळण्याला माहिती लागते. हो, लागते. पण विकतच्यालाही तेवढीच लागते. फरक इतकाच की विकत घेणारा बिलाच्या बळावर माहिती करून घेण्याचं टाळतो. हाताने खोका फाडून टेप काढणाऱ्याच्या डोक्यात निदान ‘यात काय आहे’ हा प्रश्न एकदा तरी येऊन जातो.

स्वच्छतेचा आक्षेप मात्र मला खरोखर उलटा वाटतो. पुठ्ठा मूत शोषतो, वास येतो, म्हणून तो घाण, आणि लाकूड स्वच्छ, असं सांगितलं जातं. लाकूडही शोषतंच. उंदीर चालता चालता मुताचे थेंब टाकत जातो, ती त्याची खूण ठेवण्याची रीत आहे. फळीवर, पुलावर, बंगल्याच्या कौलांवर, सगळीकडे. पुठ्ठा ओला झाला की आपण तो निर्धास्तपणे टाकून देतो, कारण त्याला पैसे पडलेले नसतात. आठशे रुपयांचा लाकडी बंगला कोण टाकतो? तो धुतला जातो, उन्हात ठेवला जातो, पुन्हा आत येतो, आणि महिनोन्महिने त्यातून अमोनिया सुटत राहतो. बहुतेक पाळीव उंदरांच्या श्वसनमार्गात मायकोप्लाझ्मा नावाचा जंतू आधीच मुक्काम करून असतो. अमोनियाने तो भडकतो, मग शिंका, घरघर, नाकाडोळ्यांतून तांबूस स्राव. आपल्या हवेत, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये, जेव्हा कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तेव्हा जे टाकता येत नाही ते पिंजऱ्यात ठेवूच नये. पावसाळ्यात पुठ्ठाही दोन दिवसांआड बदलावा लागतो. फुकट आहे म्हणून तो बदलला जातो.

मातीच्या वस्तूंना मात्र मी वेगळं काढतो. न रंगवलेली कुंडी आडवी ठेवावी. उंदराला घाम येत नाही, तो शेपटीतून उष्णता बाहेर टाकतो, आणि एप्रिल-मे महिन्यांत इथल्या दमट उकाड्यात ती सोय अपुरी पडते. कुंडी बाहेरून ओली करून ठेवली की आत गारवा राहतो. माठाचंच शास्त्र आहे ते. संक्रांतीची सुगडं वापरून पाहावीत असं मनात येतं खरं, पण नर उंदराचं त्यात डोकं जातं, ढुंगण जात नाही. प्लंबरकडे उरलेला चार इंची पाइपचा तुकडा आणि एखादा एल्बो मिळाला तर बोगदा होतो; तो कुरतडायला लागले तर काढून घ्यावा. एवढ्यात पिंजऱ्याचा कायमचा संसार आटोपतो. बाकी सगळं येणारं-जाणारं.

सोसायटीचे लोक वेगळ्या बाजूने येतात. त्यांना खेळण्याच्या किमतीशी घेणं नाही. उंदराला खेळणं हीच त्यांच्या मते विकृती. या घृणेला मी हसणार नाही. सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवीत गोव्याचे डॉ. आकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, आणि पुढची काही वर्षं या प्रांताने काय पाहिलं ते घराघरांत सांगितलं गेलं आहे. पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना 10 मार्च 1897 रोजी सावित्रीबाई फुले गेल्या. त्याच वर्षी प्लेग अधिकारी रँडचा खून झाला, तोही प्लेगबंदोबस्ताच्या जुलमातून. 2005च्या 26 जुलैच्या पुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसने, म्हणजे लेप्टोने, माणसं मेली. ही आठवण असलेल्या समाजाने उंदीर म्हटल्यावर दचकावं यात नवल नाही. पण दचकण्याचं कारण नीट पाहावं. प्लेग उंदराच्या अंगावरच्या पिसवांतून येतो, हे पॉल-लुई सिमों यांनी 1898 साली कराचीत दाखवून दिलं. लेप्टो येतो तो रानटी उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून आणि चिखलातून. पिंजऱ्यातला पांढरा किंवा पांढराकाळा उंदीर जातीने गटारातल्या तपकिरी उंदराचाच वंशज असला तरी त्याच्या कित्येक पिढ्या माणसाच्या हातात वाढल्या आहेत. फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेची पांढऱ्या उंदरांची पैदास 1906 सालची, आणि इंग्लंडात मेरी डग्लस यांनी प्रदर्शनात उंदीर आणले ते 1901 साली. इमारतीच्या डक्टमधून फिरणाऱ्या उंदरांशी त्याचा संबंध येत नाही, येऊ द्यायचाही नाही.

इथे शेजाऱ्यांच्या बाजूने एक गोष्ट मी स्वतःहून मांडतो, कारण ती घरगुती खेळणीवाल्यांना क्वचितच सुचते. किराणा दुकानाच्या गोदामातून आणलेल्या खोक्यावर रानटी उंदीर मुतून गेलेले असू शकतात. आपल्या उंदराला रोग बाहेरून येण्याची एक वाट हीच. लेप्टोचा जंतू ओलाव्यात जगतो, कोरडं पडलं की मरतो. तेव्हा गोदामातला, डागाळलेला, दमट खोका घेऊच नये. घरी थेट आलेला कोरडा खोका घ्यावा आणि तोही बाल्कनीत उन्हात चांगला तापवून. पावसात ऊन नसेल तर कागद आणि कापडावर भागवावं.

उंदीरप्रेमींनी शेजाऱ्यांना उत्तर म्हणून गणपतीचं वाहन पुढे करायचं मात्र बंद करावं. दहा दिवस मूषकाच्या कानात नवस बोलणारं घर अकराव्या दिवशी चिकट पाट्या लावतं, आणि त्याला त्यात विसंगती वाटत नाही. वाटायचं कारणही नाही. आपल्या बाजूने बोलायला कायदा आहे, त्याचा आधार घ्यावा. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960च्या कायद्याचं कलम 11 सांगतं की प्राण्याला पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा लांबी, रुंदी, उंचीच्या पिंजऱ्यात कोंडणं हा गुन्हा आहे. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यतींच्या निकालात प्राण्यांची पाच स्वातंत्र्यं मान्य केली, त्यांत आपल्या स्वभावानुसार वागण्याचं स्वातंत्र्यही आहे. बैलगाडा शर्यतींचं पुढे काय झालं हा वेगळा विषय. पण उंदराचा स्वभाव कुरतडण्याचा, उकरण्याचा, चढण्याचा, दडण्याचा आहे हे कोणी नाकारणार नाही, आणि रिकाम्या पिंजऱ्यात त्यातलं काहीच होत नाही.

सुक्या कचऱ्यावरून हिणवणाऱ्यांना तर या शहरात बोलायला जागाच नसावी. स्वच्छ सर्वेक्षणात 2023 साली देशात तिसरं आलेलं शहर हे. ओला-सुका वेगळा करा, पुन्हा वापरा, हे इथल्या भिंतीभिंतींवर रंगवलेलं आहे. पुठ्ठ्याचा खोका डब्यात जाण्याआधी तीन रात्री पिंजऱ्यात राहिला तर तो पुनर्वापर. मात्र शेवटी मुताने भिजलेला पुठ्ठा सुक्या कचऱ्यात घालून सफाई कामगाराच्या हातात द्यायचा नाही.

उरतो तो वेळेचा मुद्दा, आणि तो मी सगळ्यात गंभीर मानतो. हार्बर लाइनने रोज मुंबई गाठणारा माणूस घरी आठला पोचतो. त्याने रोज खोके कापायचे कधी? म्हणून तो एकदाच टिकाऊ सामान भरतो आणि सुटतो. पण उंदीर जागे होतात तेही त्याच सुमाराला. नळीत लाह्या भरून टोकं दुमडायला जेवढा वेळ लागतो तेवढाही रोज निघत नसेल, तर पिंजऱ्याबाहेर काढून तासभर अंगाखांद्यावर खेळवायला कुठून निघणार? आणि तो तास तर कुठल्याच किमतीच्या खेळण्याने भरून निघत नाही. टिकाऊ खेळणी मालकाच्या गैरहजेरीला सभ्य रूप देतात, एवढंच.

तेव्हा पैसा लागतच नाही असा माझा दावा समजू नये. लागतो, पण खेळण्यांच्या रांगेत नाही. तो लागतो उंच, सलग तळाच्या पिंजऱ्याला. पोपटाच्या जुन्या पिंजऱ्यात दोन उंदीर कोंबून वर दहा खेळणी टांगली तरी तो गुन्हाच. लागतो दुसऱ्या उंदराला, कारण एकटा उंदीर खोक्यांच्या ढिगातही एकटाच असतो. सगळ्यात जास्त लागतो डॉक्टरला. उंदीर दोन-तीन वर्षं जगतो, त्यात माद्यांना स्तनाच्या गाठी फार होतात, छातीचे विकार तर बहुतेकांना. उंदीर नीट तपासणारे, लहान देहाला भूल देऊन गाठ काढू शकणारे डॉक्टर शोधावे लागतात आणि त्यांची फी उंदराच्या किमतीच्या कितीतरी पट असते. ‘दोनशे रुपयांच्या उंदरावर तीन हजार?’ असं विचारणारी माणसं बऱ्याचदा तीच असतात, ज्यांनी त्याच्या पिंजऱ्यात दोन हजारांचं लाकूड भरलेलं असतं.

आणि दुकानांना उंदरांचं भलं करायचंच असेल तर त्यांच्याही हातात पुष्कळ आहे. एकटा उंदीर विकायला नकार द्यावा. हॅमस्टरचं चाक उंदरासाठी म्हणून देऊ नये. नर आणि मादी नीट ओळखून वेगळे द्यावेत. मादी साधारण तीन आठवड्यांत विते, एका वेळी आठ-दहा पिल्लं होतात, आणि ‘दोन्ही माद्याच आहेत, बिनधास्त न्या’ असं सांगून विकलेल्या जोडीची पिल्लं घेऊन महिन्याभराने गिऱ्हाईक परत आलं की तोच दुकानदार आम्ही परत घेत नाही म्हणतो.